बिनमान्साचं टेसन

पौषातल्या दुपारी दोन वाजले की आमच्या पडवीत सुकेळ्यांचा वास दाटू लागतो. राजेळी केळी सोलून परसात चटयांवर मांडलेली असतात. तिसऱ्या-चौथ्या उन्हात त्यांचा ओला गोडवा आटत जातो, अंगावर मधाचा रंग चढतो, आणि वारा फिरला की त्या गोडव्यात अर्नाळ्याकडून आलेला सुकत्या मासळीचा खारट दर्प मिसळतो. विहिरीच्या कठड्यावर कावळे टपलेले असतात आणि हातात माडाची झावळी घेऊन माझी पत्नी मालती त्यांच्यावर पहारा ठेवून असते. मी आरामखुर्चीत, मांडीवर फोन ठेवून, भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत बसलेला असतो. दोन वाजून दहा मिनिटांनी फोन वाजतो. त्यात माझी मुलगी दिसते, आणि तिच्या पाठीमागे, एका दिव्याच्या उजेडापुरतं उरलेलं, जपानमधलं एक चिमुकलं रेल्वे स्थानक.

सायली तिथे डोंगरातल्या एका गावी वृद्धाश्रमात काम करते. इथे शुश्रूषेचा अभ्यासक्रम पुरा करून तिने दोन वर्षं सातिवलीच्या एका कारखान्यात पॅकिंगच्या टेबलाशी उभं राहून काढली, संध्याकाळच्या वर्गाला जाऊन जपानी गिरवलं आणि एके दिवशी दोन बॅगा घेऊन गेली. स्वतःचे आईबाप वसईत टाकून परक्यांचे आईबाप सांभाळायला गेली, असं शेजारी म्हणतात. मीही मनातल्या मनात एकदोनदा म्हटलं आहे, खोटं कशाला बोलू? तिचं घड्याळ आमच्याहून साडेतीन तास पुढे. आमची दुपार कलंडण्याआधीच तिच्याकडे सांज सरून अंधार झालेला असतो. काम सुटलं की आश्रमाची गाडी तिला स्थानकाशी सोडते, आणि तिची आगगाडी येईपर्यंतची वीसेक मिनिटं ही आमच्या वाट्याची मिनिटं.

त्या स्थानकाचं नाव माझ्या जिभेवर नीट बसत नाही. पण तसल्या सगळ्याच स्थानकांना तिकडे एक शब्द आहे, तो सायलीने पहिल्याच आठवड्यात सांगितला होता. ‘मुजिन एकी.’ मुजिन म्हणजे जिथे माणूस नाही असं, आणि एकी म्हणजे स्थानक. एकी हा शब्द ऐकून मालती पदर तोंडाला लावून हसत सुटली, कारण तिच्या शाळेत करंगळी वर केली की त्याला एकी म्हणत आणि बाई वर्गाबाहेर सोडत. मला मात्र फळ्यावरचा सुविचार आठवला, एकी हेच बळ. त्यानंतर मालतीने त्या ठिकाणाचं आपल्या बोलीत बारसं करून टाकलं, ‘बिनमान्साचं टेसन’. घरात तेच नाव रूढ झालं.

माझ्यासारख्याला असं स्थानक पचायला जड. मी रेल्वेत स्टेशन मास्तर होतो. वसईहून पूर्वेला डोंगराच्या कडेने जाणाऱ्या मार्गावरच्या एका लहानशा स्थानकात माझी अर्धीअधिक नोकरी गेली, जिथे प्रवासी थोडे आणि मालगाड्या फार. माणसाशिवाय स्थानक म्हणजे पुजाऱ्याशिवाय देऊळ, असं मी पहिल्या दिवशी तोऱ्यात म्हणालो होतो. मग रोज थोडं थोडं करून ते स्थानक मी फोनच्या चौकटीतून पाहत गेलो. एकच फलाट, एकच रूळमार्ग. लाकडी खोली, तिच्यात लांबलचक बाक, आणि बाकावर गावातल्या म्हाताऱ्यांनी विणलेल्या रंगीबेरंगी गाद्या. एका दोरीला टांगलेली वही, येणाऱ्या-जाणाऱ्याने चार ओळी लिहाव्यात म्हणून. तिकीट विकायची खिडकी फळ्या ठोकून बंद केलेली, पण फळ्यांवर धूळ नाही. दाराशी वापरलेली तिकिटं टाकायची पेटी. टाकलं नाही तरी विचारणारं कुणी नाही, आणि तरी लोक टाकतात. आमच्याकडे तिकिटांच्या आधी पेटीच गेली असती, असं मी म्हणालो तेव्हा सायली पोट धरून हसली होती. मग दोन पिवळे दिवे लावून एकाच डब्याची गाडी यायची. तिचा चालक पांढरा हातमोजा घातलेलं बोट सिग्नलकडे रोखून स्वतःशीच मोठ्याने काहीतरी म्हणायचा. ते बघून मात्र माझ्यातला जुना नोकर खूश व्हायचा. कुणी बघत नसताना नियम पाळणारा माणूस मला फार आवडतो.

माझ्या नोकरीचं सार काढायचं झालं तर ते दोन शब्दांत निघेल, जा आणि थांब. हिरवं निशाण आणि लाल निशाण. आपल्या घरातून निघणाऱ्याला आपण कधी ‘जा’ म्हणत नाही. ‘ये’ म्हणतो, आणि निघणाराही ‘येतो’ म्हणूनच पायरी उतरतो. मी मात्र पगारच ‘जा’ म्हणण्याचा घेत होतो, आणि मालतीला ते कधी रुचलं नाही. सकाळी डबा हातात देताना ती बजावायची, ते अक्षर टेसनावरच ठेवून या, उंबऱ्याच्या आत आनू नका.

आश्रमातल्या गोष्टीही सायली याच वीस मिनिटांत सांगायची. तिथे एक आजोबा आहेत, पूर्वी मोठ्या शाळेचे मुख्याध्यापक. त्यांना आता स्वतःच्या सदऱ्याची गुंडी लावता येत नाही. पण सायलीला पहिल्या दिवशी शिकवलं गेलं ते असं, की खोलीचा पडदा सारण्याआधी त्यांना विचारायचं, सारू का? दिवा मालवण्याआधी विचारायचं, मालवू का? उत्तर आपल्याला ठाऊक असलं, तरी थांबून, त्यांच्या डोळ्यांकडे बघून विचारायचं. ते मान हलवून परवानगी देतात आणि त्यांची पाठ तेवढ्यापुरती ताठ होते. ‘त्यांना वाटलं पाहिजे, बाबा, की अजून सगळं त्यांच्या शब्दावर चाललंय,’ असं ती म्हणाली होती. मला ती रीत फार सुंदर वाटली. लांबून बघताना पुष्कळ गोष्टी सुंदर वाटतात.

त्या दिवशी फोन वाजला तेव्हा चौकटीत स्थानक नव्हतंच, नुसता पांढरा गोंधळ होता. सकाळपासून बर्फ पडत होतं, ती सांगत होती. फलाटाची कड दिसेनाशी झाली होती, दिव्याभोवती बर्फाचे कण पाखरांसारखे फिरत होते. मालतीला मी हौसेने ते दाखवलं. तिने एक नजर टाकली आणि म्हणाली, ‘बघा कसं, कोनी कापूस पिंजून टाकलाय जसा.’ मग ती केळी उलटी करायला परसात गेली. गाडीची वेळ झाली आणि टळली. खांबावरच्या भोंग्यातून एक बाईचा आवाज बोलू लागला, दूरच्या कुठल्यातरी मोठ्या स्थानकातून, गार, नम्र, एका लयीत. बर्फामुळे म्हणा किंवा भोंगा खरखरत होता म्हणून म्हणा, सायलीला तो धड कळेना. तिने फोन भोंग्याकडे धरला. ‘बाबा, ऐका बरं.’

आता मला जपानीतलं काय कळणार होतं! ती तसं गमतीनेच म्हणाली असेल. पण मी डोळे मिटून कान दिला, आणि मला तो सूर ओळखू आला. असुविधेबद्दल खेद आहे, हे वाक्य जगातल्या कुठल्याही भाषेत त्याच सुरात म्हटलं जातं. आयुष्यभर ते मी माझ्या तोंडाने म्हटलं होतं. मी छातीठोकपणे सांगितलं, गाडी रद्द झाली.

ते खरंही होतं. तिथेच मी थांबलो असतो तर.

सायली म्हणाली, ‘पण पुढे काहीतरी आहे. बहुतेक थांबायला सांगतायत.’ मी हसलो. त्या हसण्याची मला आज लाज वाटते. थांबा असं सगळीकडेच सांगतात, मी म्हणालो, आम्हीही सांगायचो. आणि हेही खरंच होतं. पावसाळ्यात पटरी पाण्याखाली गेली, पुढे गाडी निघणारच नाही हे मला पक्कं ठाऊक असलं, तरी मी माइकवर सांगत असे, थोड्याच वेळात गाडी येईल, कृपया वाट पाहा. लोकांनी आरडाओरड करू नये म्हणून. शहाणे लोक माझ्यावर विश्वास ठेवत नसत. बॅग डोक्यावर घ्यायचे आणि रुळांच्या कडेने पुढच्या स्थानकाकडे चालू लागायचे. वसईच्या माणसाला हे शिकवावं लागत नाही. गाडी थांबली की चालायचं.

आश्रमात फोन करू का, असं तिने विचारलं. मी म्हटलं, कशाला लोकांना त्रास? नवी नोकरी, परका देश. सुटी झाल्यावर पुन्हा दारात जाऊन उभी राहिलीस तर काय म्हणतील? मग मी माझं सगळं ज्ञान पणाला लावलं. पुढच्या स्थानकापर्यंत गाडीला चार मिनिटं लागतात, म्हणजे अंतर दोन-अडीच मैल. एकेरी मार्ग, गाडी रद्द, म्हणजे पटरी मोकळी. रुळाची कड दिसतेय ना? दिसतेय थोडी, ती म्हणाली. तिच्या आवाजात संकोच होता, पण लहानपणापासून तिने रेल्वेच्या बाबतीत माझा शब्द खाली पडू दिलेला नाही. मग मी ते अक्षर उच्चारलं.

‘जा,’ मी म्हणालो.

फलाटाच्या उतरत्या टोकावरून ती रुळांवर आली. थोडा वेळ तिचा श्वास ऐकू येत होता आणि बुटांखाली बर्फ करकरत होतं. मग ती म्हणाली, थंडीने फोन मरतोय, बाबा, पोचल्यावर... आणि चौकट काळी झाली. त्या काळ्या काचेत मला माझं तोंड दिसलं, आणि मागे आमची उन्हाने भरलेली पडवी.

पहिली दहा मिनिटं मी गणित करत होतो. चालायला तास, बर्फात दीड तास. मग गणित संपलं आणि एकेक गोष्ट आठवू लागली, जी मी विचारली नव्हती. वाटेत पूल आहे का? आमच्या मार्गावर प्रत्येक पुलाला चालायची पट्टी असते, तिथे असेल का? बर्फ हटवायला एखादं इंजिन सोडतात का, आणि ते या रद्द गाडीच्या मोकळ्या पटरीवरूनच येत नसेल कशावरून? गाडी रद्द म्हणजे पटरी मोकळी, असं मी गाड्यांच्या नोंदीच्या ज्या वहीच्या भरवशावर म्हणत असे ती वही माझ्या स्थानकात, माझ्या टेबलावर असायची. तिथली वही कुणाच्या हातात होती, मला काय ठाऊक? रुळांवरून चालणाऱ्या माणसाचं काय होतं ते मी पाहिलेलं आहे. त्याचे पंचनामे मी माझ्या अक्षरात लिहिलेले आहेत. आणि सगळ्या जगात एका माणसाला रुळांवर उतर असं मी आपण होऊन सांगितलं, ते माझ्या पोटच्या पोरीला.

परसातून मालती आली. माझा चेहरा बघून ती समोर येऊन उभी राहिली. मी सगळं सांगितलं. बर्फ, पूल, अंधार, यांतलं काही तिने मनावर घेतलं असं दिसलं नाही. तिच्या डोळ्यांत एकच गोष्ट येऊन थांबली.

‘तुमी तिला जा बोललात?’

ती परत गेली नाही, रडली नाही. पडवीच्या पायरीवर बसली आणि केळ्यांवर कावळे उतरले तरी झावळी उचलायचं तिला सुचलं नाही.

दूरध्वनीच्या जुन्या वहीत आश्रमाचा क्रमांक होता. सायलीने निघताना लिहून दिलेला, अडीअडचणीला. तो लावला. पलीकडे एक बाई बोलली. मी इंग्रजीत सांगायला लागलो, डॉटर, ट्रेन, स्नो. तिला समजेना, ती गोड आवाजात काहीतरी विचारत राहिली, मी तेच तेच मोठ्याने बोलत राहिलो. मोठ्याने बोललं की परक्या भाषेतल्या माणसाला कळतं, असं आपल्याला का वाटतं कोण जाणे. स्थानकाचं नाव घ्यायला गेलो तर भीतीने तेही जिभेवरून निसटलं. मग त्या भाषेतला मला येणारा एकमेव शब्द आठवला. मी ओरडलो, ‘सायली! एकी! सायली, एकी!’ पुन्हा पुन्हा. मालती पायरीवरून वळून माझ्याकडे बघत राहिली. तिला तो शब्द जपानी वाटला नसणार. मलाही त्या क्षणी तो जपानी वाटत नव्हता. एकी, एकटी. मग त्या बाईने तेच दोन शब्द माझ्यासारखेच उच्चारले, शेवटी प्रश्नचिन्ह ठेवून, आणि घाईने काहीतरी बोलून फोन ठेवला.

त्यानंतरचा काळ मी इथे लिहू शकत नाही, कारण त्यात काही घडलंच नाही. ऊन चटयांवरून सरकून विहिरीपाशी गेलं. वाडीत कुणाचा तरी पंप सुरू झाला आणि बंद झाला. देवाला मी फारसा त्रास देत नाही, पण त्या दिवशी दिला. माणसाच्या हाती काही उरलं नाही की तो उठून फेऱ्या मारतो. माझ्या पायांनी तेवढंही केलं नाही. चार वाजायच्या आत अनोळखी क्रमांकावरून फोन आला आणि सायलीचा आवाज म्हणाला, ‘बाबा, मी टॅक्सीत आहे.’

घडलं होतं ते असं. भोंग्यातल्या बाईने खरोखरच सांगितलं होतं, की गाडी रद्द आहे, प्रवाशांनी प्रतीक्षागृहातच थांबावं, त्यांना न्यायला टॅक्सी पाठवत आहोत. त्या निर्मनुष्य स्थानकावर एकच प्रवासी असेल नसेल, हे माहीत असूनही त्यांनी बर्फातून टॅक्सी पाठवली होती. चालक आला तेव्हा बाक रिकामा होता. फलाटाच्या टोकाशी पावलं रुळांवर उतरलेली दिसली, तसा तो बॅटरी घेऊन हाका मारत मागोमाग गेला. सायली एका ओढ्यावरच्या पुलाशी बसली होती; पुलाला पट्टी नव्हती, स्लीपरांच्या मधून खाली काळं पाणी दिसत होतं, आणि मागे फिरायचं म्हटलं तर पायांची बोटं बधिर झालेली. चालकाने तिला पाठीवर घेतलं. चालक पासष्टीचा होता, असं ती म्हणाली. माझ्याच वयाचा.

रिकामा बाक बघून तो परत निघालाच होता, आश्रमातून निरोप पोचला म्हणून त्याने पावलं शोधली, म्हणजे तुमच्या फोनमुळेच मी वाचले, असं सायली सांगते. कदाचित मला बरं वाटावं म्हणून सांगत असेल. मी चौकशी केलेली नाही. तिच्या दोन बोटांची कातडी गेली, नखं गेली. आठवडाभर तिला पाय टेकता येत नव्हता. रेल्वेच्या लोकांनी तिला खुलासा लिहून द्यायला सांगितला, त्यांच्या पद्धतीने अगदी सौजन्याने. तिने लिहिलं, सूचना मला समजली नाही, रुळांवरून जाण्याचा निर्णय सर्वस्वी माझा होता, मी दिलगीर आहे. तो कागद तिने मला फोनवर मराठीत वाचून दाखवला, काही चुकलं का ते बघायला. आयुष्यात मी शेकडो खुलासे मागवले आणि त्यांतली निम्मी वाक्यं खोटी म्हणून लाल शाईने अधोरेखित केली. हे वाक्य खोटं आहे हे मी जाणत होतो. मी म्हणालो, ठीक आहे, पाठव.

आता माघ लागला आहे. सुकेळ्यांची शेवटची चटई उन्हात आहे. ही सगळी तिच्यासाठी, केळीच्या सुक्या पानांत बांधून पाठवायची. मालती माझ्याशी बोलते, सगळं नेहमीसारखं बोलते, फक्त मी बाजाराला निघालो की उंबऱ्याशी येऊन मुद्दाम मोठ्याने ‘या’ म्हणते. दोन वाजून दहा मिनिटांचा फोनही पुन्हा सुरू झाला आहे. स्थानक तेच, गाद्या त्याच, दोरीला टांगलेली वही तीच. मी मात्र हल्ली गाडीविषयी बोलत नाही. भोंगा वाजला की मी कावळ्यांकडे बघतो.

काल पुन्हा बर्फ पडत होतं, विरळ. गाडीची वेळ टळली. भोंग्यातली ती बाई बोलू लागली, आणि या वेळी तिचा आवाज स्वच्छ होता. सायली उभी राहून, मान किंचित तिरकी करून, शेवटपर्यंत ऐकत होती. तिच्या चेहऱ्यावरून मला कळलं, की तिला सगळं समजलं आहे, अक्षर न् अक्षर. ती परत बाकावर बसली, लाल गादी मांडीवर ओढली, फोन डोळ्यांसमोर धरला आणि थांबली. मग माझ्या डोळ्यांत बघत, सावकाश, तिने विचारलं,

‘बाबा, थांबू ना मी?’

मला ते मुख्याध्यापक आठवले. सारू का पडदा, मालवू का दिवा. झावळी हातात धरून मालती माझ्याकडे बघत होती. माझी पाठ खुर्चीत आपोआप ताठ झाली, ती ताठ होते आहे हे मला कळत होतं, आणि तिला आवरणं माझ्या हातात नव्हतं.

‘थांब,’ मी म्हणालो.